दूध आटते की आटवले जाते?

उज्जैन शहरात इंदूरच्या रस्त्यावर नानाखेडा हा भाग आहे. तेथील बसस्थानकातून इंदूरकडे जाणाऱ्या गाड्या सुटतात आणि महाकालाचे दर्शन आटोपून परतीच्या वाटेला लागलेली मराठी कुटुंबे तेथे गाडीची वाट पाहत बसलेली असतात. उज्जैनचे आणि मराठी माणसाचे नाते जुने. अठराव्या शतकात महाकाल मंदिराचा जीर्णोद्धार केला तो शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी; या शेणवी घराण्याचे नाव गोमंतकीय वाचकांना परके वाटणार नाही. २०२८ मध्ये उज्जैनला सिंहस्थ भरणार आहे. त्याआधी नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ आहे. रस्ते किती रुंद, घाट किती लांब, वाहनतळ किती एकर, शौचालये किती हजार, याची गणिते अशा वेळी मांडली जातात आणि ती मांडलीच पाहिजेत. पण अशा स्थानकावर तीन महिन्यांचे बाळ घेऊन बसलेल्या आईचे गणित वेगळे असते. बाळाला दर दोन-तीन तासांनी अंगावर पाजावे लागते. गाडी दीड तास उशिरा आहे. आडोसा कोठे आहे?

उत्तर बहुधा ठरलेले असते. भिंतीकडे तोंड करून बसायचे, पदर किंवा ओढणी घट्ट आवळून घ्यायची, सासूने किंवा नणंदेने समोर उभे राहायचे. नाहीतर बाळाच्या तोंडात बाटली द्यायची. हा प्रश्न एकट्या नानाखेड्याचा नाही. म्हापशाच्या बाजारात, मडगावच्या स्थानकावर, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत, किनारपट्टीवरच्या हॉटेलांच्या मागच्या दारी तो रोज उभा राहतो. प्रवासात तो तासाभराचा असतो, नोकरीत तो कित्येक महिन्यांचा होतो, एवढाच फरक.

सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२५ रोजी या प्रश्नाची दखल घेतली. ‘मातृ स्पर्श’ या उपक्रमाच्या वतीने अव्यान फाउंडेशनने दाखल केलेल्या याचिकेवर न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. प्रसन्ना वराळे यांच्या खंडपीठाने निर्णय दिला. सार्वजनिक इमारतींत स्तनपानासाठी आणि बालसंगोपनासाठी जागा राखून ठेवावी, अशी सूचना केंद्र सरकारने २७ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्व राज्यांना पाठवली होती. तिची आठवण राज्यांना पुन्हा करून द्यावी, अस्तित्वात असलेल्या इमारतींत शक्य तेथे आणि नव्या इमारतींच्या आराखड्यातच अशी जागा असावी, असे न्यायालयाने सांगितले. त्याहून महत्त्वाचे, पण बातम्यांत फारसे न आलेले वाक्य नागरिकांसाठी होते. स्त्रियांच्या प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या प्रथा सोडून देणे हे राज्यघटनेच्या कलम ५१ अ मधील मूलभूत कर्तव्य आहे याची आठवण देऊन, सार्वजनिक ठिकाणी बाळाला पाजण्याला कलंक मानला जाऊ नये, असे खंडपीठाने बजावले. त्याआधी, २०२१ मध्ये, कर्नाटक उच्च न्यायालयाने स्तनपान हा आईचा हक्क जीविताच्या मूलभूत अधिकारात येतो असे म्हटले होते. कागदावर, म्हणजे, बरेच काही आहे.

प्रश्न असा की एका आडोशाच्या खोलीला एवढे महत्त्व का द्यावे? त्याचे उत्तर बाळंतिणीच्या सर्वांत सामान्य तक्रारीत दडलेले आहे. ती तक्रार म्हणजे ‘दूध पुरत नाही’.

बाळ रडले की घरातले कोणीतरी हे वाक्य उच्चारते. आईचा स्वतःवरचा विश्वास तेथेच डळमळतो, आणि दुसऱ्या दिवशी डबा घरात येतो. स्तनपान लवकर थांबवणाऱ्या स्त्रिया जगभर जी कारणे सांगतात त्यांत हे कारण अग्रभागी असते. प्रत्यक्षात दूध खरोखरच कमी तयार होते अशा स्त्रिया थोड्या. पहिले दोन-तीन दिवस जेमतेम काही थेंब दिसतात, पण तो पिवळसर चीक असतो आणि नवजात बाळाचे इवलेसे पोट तेवढ्यावर भागते. भरपूर दूध उतरायला साधारण दुसरा ते पाचवा दिवस उजाडतो. या काळात बाळाचे वजन थोडे उतरते, तेही अपेक्षितच असते. दोन आठवड्यांच्या सुमारास ते जन्मवजनावर परत येते. दूध पुरते की नाही हे रडण्यावरून ठरवायचे नसते. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. लंगोट कोरडे राहत असतील, बाळ पाजण्यासाठीही जागे होत नसेल किंवा वजन वाढत नसेल, तर मात्र घरगुती सल्ल्यांत वेळ न घालवता बालरोगतज्ज्ञांकडे जायला हवे.

दूध साठवणुकीच्या टाकीसारखे भरून राहत नाही. ते मागणीप्रमाणे तयार होते. बाळ जितके ओढते तितकी प्रोलॅक्टिन या संप्रेरकाला चालना मिळते, विशेषतः रात्री. स्तन भरलेले तसेच राहू दिले, तर दूध तयार करणाऱ्या पेशींना काम कमी करण्याचा निरोप जातो. म्हणून वरचे दूध सुरू झाले की अंगावरचे दूध खरोखर कमी होऊ लागते, आणि ‘बघ, मी म्हणत नव्हते?’ असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे खरे ठरल्यासारखे वाटते. आधी संशय, मग डबा, मग पुरावा. या फेऱ्यात सापडलेल्या आईला मेथीचे लाडू, आळिवाची खीर, शतावरी यांचा रतीब लावला जातो. ते पदार्थ पौष्टिक आहेत, बाळंतिणीला खाऊ घालणे हे प्रेमाचे काम आहे, त्याला कोणी नावे ठेवू नयेत. पण बाळाला वारंवार आणि नीट छातीला धरण्याची जागा कोणताही लाडू घेत नाही.

दुसरे संप्रेरक ऑक्सिटोसिन. तयार झालेले दूध बाहेर येते ते त्याच्यामुळे. मराठीत त्यालाच पान्हा फुटणे म्हणतात. वेदना, भीती, संकोच, चिंता यांनी पान्हा अडतो. आपल्या भाषेला हे विज्ञानाच्या आधीपासून ठाऊक आहे. अनोळखी माणूस गोठ्यात आला, भलत्याच हाताने धार काढायला घेतली, की गाय पान्हा चोरते, हे गोव्यातल्या कोणत्याही जुन्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. गोठ्यात जी समजूत दाखवली जाते ती बसस्थानकावर आणि कार्यालयात का दाखवली जात नाही, हा खरा मुद्दा आहे. गर्दीत, नजरांच्या माऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेल्या स्त्रीला पान्हा फुटायला वेळ लागतो, बाळ चिडते, सगळे तिच्याकडे पाहतात, पान्हा आणखी अडतो. मग ‘दूध नाही’ असा निष्कर्ष निघतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे (२०१९-२१) आकडे याच दृष्टीने वाचावेत. देशात ८८.६ टक्के बाळंतपणे रुग्णालयांत किंवा आरोग्यकेंद्रांत झाली. म्हणजे शिकलेली परिचारिका, डॉक्टर, स्वच्छ खाट हे सारे हाताशी होते. तरीही जन्मानंतर पहिल्या तासात अंगावर पाजली गेलेली बाळे अवघी ४१.८ टक्के. आधीच्या फेरीत हा आकडा ४१.६ होता, जवळपास पाच वर्षांत तो हललाच नाही. सिझेरियन शस्त्रक्रियांचे प्रमाण देशात २१.५ टक्के, तर गोव्यात सुमारे ४० टक्के. शस्त्रक्रियेनंतर आई गुंगीत, टाके ओढलेले, बाळ दुसऱ्या खोलीत. पहिला तास असाच निसटतो. सिझेरियननंतरही शस्त्रक्रियेच्या टेबलावर किंवा लगेच नंतर बाळ आईच्या छातीवर ठेवता येते, पण त्यासाठी बाजूला उभे राहून हात देणारे माणूस लागते. पहिले सहा महिने केवळ अंगावरच्या दुधावर असलेल्या बाळांचे प्रमाण मात्र ५४.९ वरून ६३.७ टक्क्यांवर गेले, ही समाधानाची गोष्ट. या आकड्यात एक खोच आहे. तो सहा महिन्यांच्या आतील सर्व बाळांचा एकत्रित आकडा आहे. पहिल्या महिन्यात प्रमाण अधिक असते, पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत ते उतरत जाते. आई घराबाहेर पडण्याचा काळही नेमका तोच.

नोकरीवर परतणाऱ्या आईपुढे उरतो तो दूध काढून ठेवण्याचा मार्ग. शहरांत आता हाताचे आणि विजेवरचे पंप सर्रास मिळतात. त्यांच्याविषयी दोन टोकांचे गैरसमज आहेत. एक म्हणजे पंपाने दूध ‘संपते’. वर सांगितल्याप्रमाणे घडते ते उलट. काढल्याने पुढचे दूध तयार होते. दुसरा म्हणजे पंपातून किती निघाले यावरून आईची क्षमता मोजायची. बाळ जेवढे ओढते तेवढे यंत्र ओढत नाही, आणि पहिल्या काही वेळा बाटलीचा तळ जेमतेम ओला होतो. ज्यांना पंप परवडत नाही त्यांनी हाताने दूध काढण्याची रीत दाईकडून, परिचारिकेकडून शिकून घ्यावी. तिला पैसे पडत नाहीत. कामावर जाण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून सवय केली तर पहिला दिवस सोपा जातो. काढलेले दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास टिकते असे मानले जाते, पण गोव्यात एप्रिल-मे महिन्यांत पंख्याखालची खोलीही एवढी थंड नसते, म्हणून ते लगेच शीतकपाटात ठेवणे बरे; तेथे ते चार दिवस चालते. ठेवायचे ते दारात नव्हे, आतल्या बाजूला. शीतकपाटातले दूध गॅसवर उकळायचे नाही, मायक्रोवेव्हमध्ये तापवायचे नाही. कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून ऊब द्यायची. बाळाने उष्टे केलेले दोन तासांनंतर टाकून द्यायचे, त्याचा मोह धरायचा नाही. पाजण्यासाठी बाटलीपेक्षा वाटी-चमचा चांगला, कारण तो धुवायला सोपा आणि बाळाची ओढण्याची सवय मोडत नाही. आजीच्या काळचे बोंडले याच जातीचे, फक्त त्याची चोच आतून घासून निघते ना हे पाहायला हवे.

हे सारे कामाच्या ठिकाणी करायचे तर आठ-नऊ तासांच्या पाळीत दोन किंवा तीन वेळा, प्रत्येकी वीस-पंचवीस मिनिटे लागतात. ती मिळाली नाहीत तर काय होते हे ज्या बाईने भोगले आहे तिलाच कळते. छाती दगडासारखी होते, ब्लाऊज भिजतो, गाठी येतात, प्रसंगी ताप भरतो. असा दाह झाला तर त्या बाजूने पाजणे थांबवू नये आणि डॉक्टरांकडे जावे. बहुतेक औषधे अंगावर पाजतानाही घेता येतात, कोणती ते डॉक्टर सांगतात. पण दुखणे हा अर्धाच भाग. रोज आठ तास न काढलेले दूध पंधरा दिवसांत कमी व्हायला लागते. घरी गेल्यावर बाळ चिडते, सासू म्हणते, दूध आटले. ते आटलेले नसते. ते कारखान्याच्या पाळीपत्रकाने आटवलेले असते.

या संदर्भात महाराष्ट्राने एक नाव दिले आहे, हिरकणी कक्ष. एसटीच्या अनेक स्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी या नावाच्या खोल्या झाल्या आणि पुढे शासकीय कार्यालयांतही. नाव समर्पक आहे, पण ज्या कारणासाठी सहसा सांगितले जाते त्यासाठी नव्हे. रायगडावर दूध घालायला गेलेली हिरकणी गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, घरी भुकेले तान्हे आणि काळ्याकुट्ट रात्री उतरलेला कडा; महाराजांनी तेथे बुरूज बांधला अशी आख्यायिका. शाळेत ही कथा मातृप्रेमाच्या धाडसाची म्हणून शिकवली जाते. जरा थांबून पाहिले तर ती कामाच्या वेळांची कथा आहे. बाई कामासाठी गडावर होती, बाळ खाली होते, आणि दरवाजा बंद करण्याचा नियम तिच्यासाठी अपवाद करू शकत नव्हता. धाडसाचे कौतुक करण्याची वेळ आली ती दार बंद होते म्हणून.

त्या नावाची खोली राज्याच्या सर्वोच्च सभागृहाच्या इमारतीत कशी चालते, हे दोन-तीन वर्षांपूर्वी दिसले. देवळालीच्या आमदार सरोज अहिरे डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला अडीच महिन्यांच्या बाळासह आल्या. छायाचित्रे सर्वत्र झळकली, कौतुक झाले, विधानभवनात हिरकणी कक्ष देण्यात आला. फेब्रुवारी २०२३ च्या अखेरीस मुंबईतील अर्थसंकल्पी अधिवेशनात त्या पुन्हा बाळाला घेऊन आल्या, तेव्हा कक्षात धूळ होती आणि सोयी नव्हत्या. बाळ आजारी असताना आणावे लागल्याचे सांगताना त्यांना रडू आवरले नाही. त्यानंतर धावपळ होऊन सोय झाली. लोकप्रतिनिधीच्या वाट्याला हे येते, तर कॅमेरा जिच्यापर्यंत कधीच पोहोचणार नाही अशा झाडूवालीच्या किंवा शिपाई बाईच्या वाट्याला काय येत असेल, हे सांगायची गरज नाही. स्थानकांवरच्या हिरकणी कक्षांना कुलूप असल्याच्या, तेथे अडगळ भरल्याच्या बातम्याही मराठी वृत्तपत्रांत अधूनमधून येत असतात. खोलीचे उद्घाटन होते. तिची देखभाल कोणाच्या कामात मोडते, हे ठरत नाही.

कायद्याचे गणितही तपासण्यासारखे आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे सहा महिने केवळ अंगावरचे दूध, आणि पूरक आहारासोबत दोन वर्षे व पुढेही. २६ आठवडे म्हणजे सहा महिने; हिशेब जुळला असे वाटते. मात्र त्यांतील आठ आठवड्यांपर्यंतची रजा बाळंतपणाआधी घेता येते. गरोदरपणात त्रास झालेली, उभ्याने काम करावे लागणारी स्त्री ती घेते, आणि बाळाच्या वाट्याला १८ आठवडे उरतात. चार महिने आणि काही दिवस. तिसऱ्या अपत्याच्या वेळी एकूण रजाच १२ आठवडे. बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी सुट्टी, ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर आणि तेथे दिवसातून चार फेऱ्यांची मुभा, या तरतुदीही आहेत; २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्या कायम राहिल्या आहेत.

गोव्यात या तरतुदींच्या चाळणीतून कोण खाली पडते? सरकारी सेवेतील स्त्रीला १८० दिवसांची रजा आणि शिवाय बालसंगोपन रजा आहे. वेर्ण्याच्या मोठ्या औषध कारखान्यात कायम असलेल्या स्त्रीला निदान दाद मागायला जागा आहे. परंतु वीस-पंचवीस माणसांचे हॉटेल, कापडाचे दुकान, खासगी दवाखाना, कंत्राटदारामार्फत घेतलेली सफाई कामगार, घरकाम करणारी बाई आणि पाटी घेऊन बसणारी मासेविक्रेती यांच्यापर्यंत पाळणाघराचा नियम पोहोचत नाही. पन्नासची अट ओलांडू नये म्हणून कागदावर दोन आस्थापना दाखवायला फारशी हुशारी लागत नाही. दुसरीकडे, राज्य विमा योजनेबाहेरच्या नोकरीत २६ आठवड्यांचा पगार एकट्या मालकाने सोसायचा असतो. लहान मालक तो भार टाळण्याचा सर्वांत सोपा मार्ग शोधतो, आणि तो म्हणजे नवविवाहितेला नोकरीच न देणे. हा खर्च समाजाने वाटून घ्यावा याची चर्चा कामगार संहितांच्या गदारोळात कोठे ऐकू आली नाही.

रिकाम्या जागेत बाजार शिरतोच. जागतिक आरोग्य सभेने १९८१ मध्ये डबाबंद दुधाच्या जाहिरातींविरुद्ध आचारसंहिता स्वीकारली आणि भारताने १९९२ मध्ये त्यासाठी कायदा केला, २००३ मध्ये तो आणखी कडक केला. दुधाच्या डब्यांची आणि बाटल्यांची जाहिरात करण्यास, मोफत नमुने वाटण्यास, रुग्णालयांना प्रलोभने देण्यास त्यात बंदी आहे. जगातल्या कडक कायद्यांपैकी हा एक. ज्या आईला वैद्यकीय कारणाने किंवा अन्य अडचणीमुळे डब्याचे दूध द्यावे लागते तिने अपराधी वाटून घेऊ नये. कायदा तिच्याविरुद्ध नाही. पण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखमालेनुसार, स्तनपान जवळपास सार्वत्रिक झाले तर जगात दरवर्षी सुमारे ८ लाख २३ हजार बालमृत्यू आणि २० हजार स्तनकर्करोगाचे मृत्यू टळू शकतात. एवढे काम करणारे दुसरे औषध असते, तर ते ठेवण्यासाठी प्रत्येक स्थानकावर कपाट बसवले गेले असते.

अकाली जन्मलेल्या बाळांसाठी दूध काढून साठवण्याची व्यवस्था या देशात नवी नाही. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातील ती पहिली. महापालिकेच्या गर्दीने ओसंडणाऱ्या रुग्णालयात, आलिशान साधनांविना ती उभी राहिली आणि टिकली, कारण दूध काढून घेणे, तपासणे, निर्जंतुक करणे आणि नोंद ठेवणे ही कामे नेमक्या माणसांना नेमून दिलेली होती.

बसस्थानकावरच्या किंवा कार्यालयातल्या खोलीला लागते त्याहून कितीतरी कमी. आतून कडी लागणारे दार, पाठ टेकता येईल अशी खुर्ची, हात धुण्यासाठी पाणी, पंखा, पंपासाठी विजेची जोडणी, कार्यालय असेल तर लहान शीतकपाट. शौचालयाला लागून नको, कारण तेथे कोणी स्वतःचा डबाही उघडणार नाही. खोली आहे म्हणून बाकावर बसून पाजणाऱ्या बाईला ‘तिकडे जा’ असे सांगण्याचा अधिकार कोणाला मिळत नाही, हे दारावरच लिहिले तर उत्तम. आणि चावी ज्या कर्मचाऱ्याकडे आहे त्याचे पद व दूरध्वनी क्रमांक बाहेरच्या फलकावर असावा, पाळी बदलली की तोही बदलावा. सिंहस्थाच्या आराखड्यात आणि राज्याच्या येत्या अर्थसंकल्पात या खोल्यांसाठी तरतूद पाहताना बांधकामाच्या रकमेपेक्षा या शेवटच्या बाबीसाठी किती पदे मंजूर झाली, तो रकाना आधी वाचावा लागेल.